पाच नंबरच्या तुकड्यातला मका

मंगळवार, ३ जून

आधी कालच्या पानावरची चूक दुरुस्त करते. केंद्राची जमीन बारा एकर आहे असं मी काल लिहिलं. बारा एकर नाही, बारा तुकडे आहेत. मुकादम हात पसरून बारा म्हणाले, पुढचं 'एकर' मी माझ्या पदरचं घातलं. नोकरीचा पहिला दिवस, नव्या वहीचं पहिलं पान, आणि त्यावर थाप. खोडणार होते, पण खोडलेलं पान बघवत नाही. म्हणून चूक तशीच ठेवून इथे लिहिते.

बाकी कालचं सगळं खरं आहे आणि फार छान आहे. गावात शिंप्याच्या दुकानावरची खोली मिळाली. एक खिडकी, एक टेबल. टेबलाचा एक पाय आखूड, त्याखाली पुठ्ठ्याची घडी सारली. केंद्र सायकलने वीस मिनिटांवर. बियाण्यांच्या कंपनीचं हे चाचणीचं केंद्र. नवीन वाण आधी इथे लावून बघतात, पसंत पडला तर मग शेतकऱ्यांना देतात. माझं काम नोंदीचं: किती पेरलं, किती उगवलं, किती वाढलं, कशाने मेलं. केंद्राचे साहेब बारीक आवाजाचे, सावकाश बोलणारे. त्यांनी एकच सांगितलं की दिसेल ते लिहायचं, वाटेल ते नाही. मला ते फार आवडलं.

आईने फोनवर पहिला प्रश्न विचारला तो खुर्चीला पाठ आहे का. आहे म्हटल्यावर तिने तिथूनच शेजारणीला हाक मारून ते सांगितलं. आमच्या घरात पाठ असलेल्या खुर्चीवर बसून काम करणारी मी पहिली. शाळा पुरी केलेलीही पहिलीच.

रविवार, ८ जून

घरी जाऊन आले. बसने दोन तास. केंद्रात मिळालेला एप्रन मला घोट्यापर्यंत येत होता, तो आईने गुडघ्यापर्यंत कापला. उरलेल्या कापडाचा तिने खिसा केला आणि पुढे शिवून टाकला. बिनखिशाचा एप्रन कुणी शिवला म्हणे, त्याला स्वतःचे हात ठेवायला जागा नको का? मी म्हटलं, सगळ्यांचेच तसे आहेत. तर म्हणाली, मग सगळ्यांचेच आणून दे.

आईचा परसातला मका या वर्षीही ती लावणार आहे. जुन्या डब्यातलं बी काढून तिने सुपात पसरलं होतं. पिवळं, काळपट, लालसर, एखादा दाणा दोन रंगांचा. तिच्या आईकडून आलेलं बी. शेजारणी मला झाडांची डॉक्टरीण म्हणतात. आईच सांगत सुटली आहे. मी नुसती मोजते, असं मी प्रत्येकीला सांगितलं. कुणी ऐकलं नाही.

मंगळवार, १० जून

आज पाच नंबरच्या तुकड्यात मका टोकला. बारा ओळी, ओळीत चोवीस झाडं, एकूण दोनशे अठ्ठ्याऐंशी. या मक्यात दुसऱ्याच कुठल्या तरी जिवाचं जनुक घातलेलं आहे, त्यामुळे खोडकिडा त्याला तोंड लावत नाही. साहेबांनी हे इतकं सोपं करून सांगितलं की मला माझ्या कॉलेजच्या मास्तरांची कीव आली.

बी पाकिटातून वजनावर मिळतं आणि उरलेलं वजनावरच परत जातं. माझ्याबरोबर टोकणाऱ्या मावशी वीस वर्षं इथे आहेत. त्यांचा हात असा चालतो की बोट आत, बी आत, माती वर, आणि तोंडाने सुनेची गाऱ्हाणी. मला त्या 'नोंदवाल्या बाई' म्हणतात. माझं बी दोनदा सांडलं. दोन्ही वेळा वेचून घेतलं. परत करताना वजनाचा काटा किंचित कमी दाखवत होता. मी साहेबांना दाखवलं. एवढं चालतं म्हणाले. तरी मी शेऱ्यात लिहून ठेवलं.

सोमवार, १६ जून

उगवण. दोनशे अठ्ठ्याऐंशीपैकी दोनशे अठ्ठ्याऐंशी, सगळी एकाच सकाळी. काल संध्याकाळी माती सपाट होती. साहेब खूश आहेत.

मंगळवार, ८ जुलै

उंची मोजली. पहिलं झाड चौसष्ट सेंटिमीटर. दुसरं चौसष्ट. दहाव्या झाडाला मला वाटलं, माझी पट्टी सरकते आहे. मावशींना दुसरी पट्टी दिली. त्या दुसऱ्या टोकाकडून मोजत आल्या. चौसष्ट, चौसष्ट, चौसष्ट. मुकादम बांधावरून ओरडले की मॅडम, खुर्चीत बसूनच लिहायचं होतं, उन्हात कशाला आलात?

दोनशे अठ्ठ्याऐंशी वेळा एकच आकडा लिहिला. शाळेत शिक्षा म्हणून लिहायला लावायचे तसा. पान पाहून साहेब म्हणाले, चांगल्या वाणाचं हेच लक्षण, एकसारखेपणा. मी होय म्हटलं. पण माझ्या आईच्या एका कणसातले दोन दाणे एकसारखे नसतात, आणि तो मका आम्ही वर्षानुवर्षं खातो आहोत, हे मला उगाचच आठवत राहिलं.

बुधवार, १६ जुलै

काल ठिबकची नळी ओढताना मुकादमांचा पाय सतरा नंबरच्या झाडाला लागला. डावीकडचं चौथं पान मधोमध मोडलं. मी नोंद केली.

आज सकाळी सगळ्या झाडांचं डावीकडचं चौथं पान मधोमध मोडलेलं आहे.

मी प्रत्येक झाडापाशी थांबून पाहिलं. साहेबांना बोलावलं. त्यांनी दहा-बारा झाडं पाहिली आणि म्हणाले, एकाच रक्ताची झाडं आहेत, सगळ्यांची कमजोर जागा एकच असणार, वाऱ्याने तिथेच मोडलं. हे पटण्यासारखं आहे. वारा होता की नाही ते मला आठवत नाही, आणि मी तो लिहिलेला नाही.

शनिवार, १९ जुलै

मी एक वाईट काम केलं. गुरुवारी दुपारी, कुणी नसताना, दोनशे तीन नंबरच्या झाडाच्या खालच्या पानावर अंगठ्याचं नख रुतवलं. बारीक कोर उमटली. चाचणीतल्या झाडाला मुद्दाम इजा करायची नसते. माहीत असून केलं.

शुक्रवारी सकाळी सगळ्या खालच्या पानांवर कोर होती. माझ्या नखाची. माझ्या नखाला उजवीकडे एक खाच आहे, ती खाचसुद्धा.

साहेबांना काय सांगू? वारा म्हणून सांगता येणार नाही. माझं नख म्हणून सांगितलं तर नोंदवहीतली प्रत्येक नोंद संशयाची होईल. आता ओळींमधून चालताना मी हात छातीशी धरते. मावशी म्हणाल्या, थंडी वाजते का बाई, एवढ्या उन्हाची?

शुक्रवार, २५ जुलै

मंगळवारी साहेबांनी मुळं पाहण्यासाठी चाळीस नंबरचं झाड उपटलं. बुधवारी सगळं शेत माना टाकून उभं होतं. पाणी भरपूर होतं, मी हाताने माती पाहिली. गुरुवारी दुपारनंतर झाडं हळूहळू सावरली. आज ताठ आहेत. दोनशे सत्त्याऐंशी.

एक गेलं ते सगळ्यांना लागलं, आणि सगळ्यांनी मिळून ते सोसलं. हे मला वाटतं म्हणून नोंदवहीत लिहिलं नाही. इथे लिहिते.

मंगळवार, ५ ऑगस्ट

पलीकडच्या शेताचे मालक तारेपाशी आले होते. मुकादम त्यांना 'कुंपणवाले काका' म्हणतात, कारण आठवड्यातून एकदा ते कुंपणापाशी भांडायला येतात. आज मात्र भांडले नाहीत. हळू आवाजात त्यांनी मला विचारलं की माश्या कुठे गेल्या? त्यांच्या भोपळ्याच्या वेलावरून मधमाश्या निघतात, आमच्या तारेपर्यंत येतात आणि भिंत लागल्यासारख्या वळतात, म्हणाले. मग विचारलं, तुमच्या मक्याचा पराग माझ्या मक्यावर बसला तर पुढच्या साली मी पेरलेलं बी माझं की तुमचं?

मी नियमातलं उत्तर दिलं. दोन्हीकडच्या मक्यांत दोनशे मीटरचं अंतर राखलेलं आहे. ते म्हणाले, पोरी, ते अंतर तू वाऱ्याला सांगितलंस का? मग हसले आणि मला एक काकडी देऊन गेले.

ते गेल्यावर मी तारेपाशी घड्याळ लावून अर्धा तास उभी राहिले. नऊ मधमाश्या आल्या. नऊही वळल्या.

मंगळवार, १२ ऑगस्ट

तुरे फुटले. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी, सगळे. मी तिथेच होते. कागद फाटल्यासारखा आवाज आला. एकच, पण सगळीकडून. मावशींच्या हातातली पाटी पडली.

पराग उडू नये, नंतर तो हाताने कणसांवर झाडता यावा, म्हणून प्रत्येक तुऱ्यावर कागदी पिशवी बांधायची असते. दिवसभर बांधत होतो. संध्याकाळी बांधावरून पाहिलं तर पिशव्या घातलेली दोनशे सत्त्याऐंशी डोकी रांगेत उभी. मी पाठ फिरवून चालत गेले. धावले नाही. एवढं नेमकं लिहिते, धावले नाही.

बुधवार, २७ ऑगस्ट

मावशींनी कबूल केलं की काल त्यांनी पाच नंबरातलं एक कोवळं कणीस भाजून खाल्लं. चाचणीतलं खायला बंदी आहे. वीस वर्षं हाताने वाढवायचं आणि चवही घ्यायची नाही, हा कुठला न्याय, म्हणाल्या. गोड होतं म्हणे, फारच गोड. मी नोंद करणार का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही. ही मी मुद्दाम न केलेली पहिली नोंद.

मंगळवार, २ सप्टेंबर

काल ट्रॅक्टर वळवताना त्याचा पत्रा कडेच्या झाडाला घासला. ताटाची, म्हणजे मक्याच्या खोडाची, साल खरवडली गेली. तिरपी रेघ, खाली दोन फाटे.

आज सगळ्या ताटांवर ती रेघ आहे. याची आता सवय झाली, असं लिहायला लाज वाटते, पण झाली आहे.

मावशी लांब बाह्यांचा सदरा घालून आल्या होत्या. जेवताना बाही वर केली. कोपरापासून मनगटापर्यंत तिरपी रेघ, मनगटाशी दोन फाटे. त्या म्हणाल्या, मांजर असेल. मी पट्टी काढली. ताटावर एकोणीस सेंटिमीटर. हातावर एकोणीस.

मी बघत राहिले तशा मावशी हसल्या. म्हणाल्या, आता मलाही तुमच्या वहीत नंबर टाका, दोनशे अठ्ठ्याऐंशी पुरे होतील. हसल्या खऱ्या, पण त्यांनी पुढचा घास घेतला नाही. डबा बंद केला.

रविवार, ७ सप्टेंबर

घरी गेले होते. नीट क्रमाने लिहिते.

आईने मका उकडून ठेवला होता. आम्ही दोघींनी एक कणीस अर्धं-अर्धं खाल्लं. पिवळंधमक, सगळे दाणे सारखे. मी म्हटलं, या वर्षी गोड आहे. तेव्हा ती कौतुकाने हसली आणि म्हणाली, ओळख, कुठलं ते. मी ओळखलं नाही. मला ओळखायला हवं होतं. दाणे सारखे होते.

ती म्हणाली, तुझ्या खिशातलं.

जूनमध्ये मी एप्रन धुवायला नेला होता, तेव्हा तिला खिशाच्या शिवणीत दोन दाणे मिळाले. बी फेकायचं नसतं, हे तिला मला सांगावंसंही वाटलं नाही, इतकं ते तिच्यासाठी उघड आहे. परसात टोकले. तिच्या मक्याच्या ओळीत, मधोमध.

मी परसात गेले. दोन ताटं. दोन्हींच्या सालीवर तिरपी रेघ, खाली दोन फाटे. तिथे ट्रॅक्टर नाही. आमच्या गल्लीत ट्रॅक्टर वळतच नाही.

केंद्राच्या एप्रनना खिसे का नसतात, ते मला आज कळलं. कुणी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं.

आईला सांगितलं नाही. ती इतकी खूश होती.

गुरुवार, ११ सप्टेंबर

काल साहेबांनी ताटातला रस तपासायला पोकळ सुई टोचली. तिसऱ्या पेराखाली, नऊ झाडांना. मी म्हटलं, नऊ कशाला, एकाला टोचली तरी कळेल. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नऊही झाडांचे नंबर वहीत लिहून घेतले.

आज आईचा फोन. इकडचं-तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, डाव्या गुडघ्याखाली काहीतरी चावलं आहे, वाटाण्याएवढा गोल डाग, आतून ठणकतो. मी फोन ठेवला. मग सलवार वर केली.

मलाही.

सोमवार, १५ सप्टेंबर

फळ्यावर सूचना लागली. चाचणी पूर्ण. पाच नंबरचा तुकडा गुरुवारी, २५ तारखेला, नियमाप्रमाणे मुळासकट जाळून नष्ट करायचा. तपासणी अधिकारी हजर राहणार.

जाळून.

एक उपटलं तेव्हा बाकीच्यांनी सावरून घेतलं. सगळी एकदम गेली तर सावरायला कोण उरतं? परसातली दोन ताटं. मावशी. आई. मी.

साहेबांना सगळं सांगितलं. नख, ट्रॅक्टर, मावशींचा हात, खिसा, परस, सगळं. अर्धा तास. ते चिडले नाहीत. नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, तुम्ही फार मन लावून काम करता, तुम्हाला विश्रांतीची गरज आहे.

मी नमुन्याच्या डबीतला एक दाणा त्यांच्यापुढे ठेवला. म्हटलं, काही नाहीच म्हणता, तर खाऊन दाखवा. त्यांनी दाणा उचलला, उजेडात धरला, डबीत परत टाकला आणि झाकण लावलं.

मग बराच वेळ रुमालाने बोटं पुसत बसले.

बुधवार, १७ सप्टेंबर

सक्तीची रजा. पगारी, असं साहेब दोनदा म्हणाले. पाच नंबरात पाऊल ठेवायचं नाही.

मावशी आज आल्या नाहीत. मुकादम म्हणाले, लेकीकडे गेल्या, दोन दिवसांच्या वाटेवर. लांब गेलं की सुटका होईल, असं त्यांना वाटत असेल. परस केंद्रापासून दोन तासांवर आहे. तिथल्या ताटांना अंतर कळलं नाही.

निघताना कचेरीच्या भिंतीवरची नियमावली वाचली. रोज तिच्याखाली बसत होते. कलम अकरा: चाचणीतलं बी हद्दीबाहेर गेल्याचं लेखी कळलं, तर सगळं काम जागच्या जागी थांबवायचं. अधिकाऱ्यांनी प्रत्येक झाड पाहिल्याशिवाय तोडायचं नाही, उपटायचं नाही, जाळायचं नाही.

बी हद्दीबाहेर गेलं आहे. माझ्या खिशातून.

रविवार, २१ सप्टेंबर

आईला सांगितलं. वाटलं होतं, हसेल. हसली नाही. तिने स्वतःचा गुडघा पाहिला, माझा पाहिला, मग परसात जाऊन दोन्ही ताटं पाहिली. बोट लावलं तिसऱ्या पेराखाली. आत आली.

मी म्हटलं, लिहून दिलं तर नोकरी जाईल. पुढेही कुठे घेणार नाहीत. अधिकारी इथे येतील, परस बंद करतील, तुझ्या आईचं बी डब्यासकट घेऊन जातील. त्याच्यावरही याचा पराग बसलाच असणार.

बियाचं ऐकून तिचा चेहरा पडला. फक्त बियाचं ऐकून. मग म्हणाली, तुला लिहायला शिकवलं ते काय लग्नाच्या याद्या करायला? लिही. आणि खिसा मी शिवला, असं लिही. माझं नाव घाल.

मी म्हटलं, खिसा तुझा, पण बी मी सांडलं. यावर आम्ही भांडलो. बसची वेळ होईपर्यंत भांडलो. गुन्हा कुणाचा यावर — दोघी आपापल्याकडे ओढत.

शेवटी दोघींची नावं.

सोमवार, २२ सप्टेंबर

तपासणी कार्यालयात फोन. अधिकारी दौऱ्यावर. कारकून म्हणाला, बुधवारी येतील, दहाला, सहीनिशी कागद घेऊन या. आज येऊन कागद ठेवू का? नाही, टपालात पडेल, आठ दिवस हलणार नाही. त्यांच्याच हातात द्या. फोनवर सांगितलेलं चालत नाही.

बुधवार चोवीस. जाळणार गुरुवारी पंचवीसला. एक दिवस हातात आहे. पुरेल.

पुरेल.

पायऱ्या चढताना थांबावं लागतं — गुडघा. आईलाही विचारलं. हो म्हणाली — तिसरी पायरी. माझीही तिसरीच.

मंगळवार, २३ सप्टेंबर

सकाळी — कागद तयार. दोन पानं. चार वेळा वाचला. एक तारीख चुकली होती, दुरुस्त केली.

दुपारी मुकादम आले, दारातूनच. डिझेलची नोंदही मीच ठेवायची, म्हणून त्या खोलीची किल्ली रजेतही माझ्याकडे राहिली होती. मी विचारलं, कशाला. म्हणाले, आज वारा पडला आहे, कडेचं गवत जाळून घेतो, म्हणजे गुरुवारी आग बाहेर जाणार नाही. मी म्हटलं, नक्की गवतच? तीनदा विचारलं. ते हसले — मॅडम, मी काय पोर आहे? पाण्याची नळी घेऊन स्वतः उभा राहतो. मी किल्ली दिली.

द्यायला नको होती का — पण द्यावीच लागते, ती केंद्राची आहे —

साडेचार. वारा खरंच नाही. खिडकीतून त्या बाजूला धूर दिसतो. एक रेघ. गवताचा धूर असाच असतो. पांढरा.

पाच वाजायला दहा. तळपाय गरम लागताहेत. चपला काढल्या. फरशी गार आहे. हाताने पाहिली, गार आहे.

धूर आता पांढरा नाही.

घोट्यांपर्यंत — खालून वर येतं — सायकलने वीस मिनिटं — पाय टेकवत नाही —

फोन वाजतो आहे. आईचा. उचलते, आधी एवढं लिहून ठेवते, म्हणजे कुणाला तरी — कागद टेबलावर आहे, दोन पानं, सही केलेली. दोघींची नावं. कार्यालयात द्यायचा. बुधवारी, चोवीस सप्टेंबरला, सकाळी दहा वाजता मी